नरम प्लास्टिक, पोटातलं बाळ आणि पोरांची वाढ: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी यवतमाळ जिल्ह्यातल्या एका गावात ज्युनियर कॉलेजला केमिस्ट्री शिकवते. नरम प्लास्टिकमधलं केमिकल पोटातल्या मुलग्याच्या नाजूक अवयवांच्या वाढीत कशी ढवळाढवळ करू शकतं, यावर बचत गटाच्या बायांशी एकदा बोलले, तेव्हापासून प्रश्न थांबतच नाहीत, कोणी व्हॉट्सअॅपवर विचारते, कोणी बाजारात हात धरून बाजूला नेते, म्हणून सगळं एका जागी लिहून काढलं. लाजायचं काही नाही यात, हा आपल्या लेकरांचा विषय आहे.

प्लास्टिसायझर म्हणजे काय असते बाप्पा?

पीव्हीसी नावाचं प्लास्टिक मुळात कडक असतं. बोअरचा पाइप बघा, वाकवला तर तुटतो. तेच पीव्हीसी सलाइनच्या नळीत, रेनकोटात, टेबलावरच्या प्लास्टिकच्या कापडात, रेक्झिनमध्ये, पाणी मारायच्या लवचिक नळीत एकदम नरम असतं, कारण त्यात एक तेलासारखं केमिकल मिसळलेलं असतं. तोच प्लास्टिसायझर. यातल्या सगळ्यात जुन्या आणि जास्त वापरल्या गेलेल्या गटाला थॅलेट म्हणतात आणि त्यातलं मोठं नाव डीईएचपी. थोडंथिडकं नाही, काही नरम वस्तूंमध्ये वजनाचा तिसरा हिस्सा हेच असतं.

खरी गोम पुढं आहे. हे केमिकल प्लास्टिकला रासायनिक बंधानं जोडलेलं नसतं, नुसतं मधे मुरलेलं असतं, लोणच्याच्या फोडीत तेल मुरते तसं. म्हणून ते हळूहळू बाहेर येत राहतं. नवीन रेनकोट उघडला की जो वास येतो तो सगळा याचाच असतो असं नाही, पण जुना रेनकोट दोन-चार वर्षांनी कडक होऊन घडीवर तडकतो ना, त्यामागं मोठं कारण हेच की आतलं नरम ठेवणारं निघून गेलं. ते गेलं कुठं? हवेत, धुळीत, हाताला.

मंग सगळंच प्लास्टिक फेकून द्याचं काय?

नाही. घाबरून घर रिकामं करू नका.

पाण्याची पारदर्शक बाटली पीईटीची असते. तिच्या लांबलचक नावात थॅलेटसारखा शब्द येतो म्हणून लोक घाबरतात, पण तो प्लास्टिसायझर नाही, ते प्लास्टिकच वेगळं. धान्याच्या कोठ्या, बादल्या, चांगले डबे हे जास्त करून एचडीपीई किंवा पॉलिप्रॉपिलीनचे असतात, त्यांना नरम करायला हे टाकावं लागत नाही. वावरातला बोअरचा कडक पाइपही या हिशोबात येत नाही. डब्याच्या बुडाशी तीन बाणांचा त्रिकोण आणि त्यात आकडा असतो, ३ असेल तर पीव्हीसी. २ (एचडीपीई) आणि ५ (पॉलिप्रॉपिलीन) त्या मानानं बरे.

आपली पन्नी, म्हणजे पातळ प्लास्टिकची पिशवी, पॉलिथिनची असते, तीही मुळातच लवचिक. पण टपरीवरची काळी, निळी, पातळ पन्नी बऱ्याचदा जुनं प्लास्टिक वितळवून केलेली असते, त्यात आधी काय काय होतं ते बनवणाऱ्यालाही सांगता येत नाही, वरून छपाईची शाई वेगळी. म्हणून तिच्यात खायचं घेऊ नका असं मी म्हणते.

अंगात जाते कसं?

मुख्य रस्ता तोंडातून, जेवणातून. दोन गोष्टी लक्षात ठेवा, तेल आणि गरमी. थॅलेट पाण्यात फार विरघळत नाही पण तेलात, तुपात, दुधाच्या सायीत मस्त विरघळते, आणि वस्तू जितकी गरम तितकं लवकर उतरते. त्यामुळं गार पाणी आणि उकळती तर्री यांचा धोका सारखा नाही.

जपानमध्ये २००० च्या आसपास तयार डब्यातल्या जेवणात डीईएचपी सापडलं. डबा तर बरोबर होता. शोधत शोधत गेले तर स्वयंपाक करणाऱ्यांच्या हातातले पीव्हीसीचे ग्लोव्हज निघाले, त्यावर जंतू मरावे म्हणून अल्कोहोल मारत होते त्यानं आणखीच उतरत होतं. मग अशा ग्लोव्हजवर तिथं बंदी आली. २०११ मध्ये तैवानमध्ये तर शरबत आणि पेयं घट्ट-दुधाळ दिसावी म्हणून पाम तेलाच्या जागी स्वस्त पडते म्हणून सरळ डीईएचपी मिसळलं होतं, ते पकडलं गेलं आणि हजारो वस्तू दुकानातून उचलाव्या लागल्या.

आपल्याकडं कुठं बघायचं? सुटं फल्लीचं (शेंगदाण्याचं) तेल ड्रममधून काढायची ती पारदर्शक नळी. आमच्या बाजारातल्या दुकानात मी नीट पाहिली, तेलात राहून राहून पिवळी पडलेली, बोटाला चिकट, आणि टोकाशी एकदम कडक झालेली. कडक का झाली ते वर सांगितलं. तसंच दूध ओढायची नरम नळी. तेल घ्यायचं तर स्टीलच्या मापानं मागा, दुकानदार कुरकुरला तरी मागा.

खाण्याशिवाय घरातली धूळ, सेंट-पावडरचा वास टिकवायला वापरलेलं थॅलेट, नेलपॉलिश हेही रस्ते आहेत. त्यात सगळे थॅलेट सारखे नाहीत, सेंटात जास्त वापरतात त्या डायइथाइल थॅलेटनं उंदरांमध्ये पुरुष हार्मोन कमी झालेलं दिसलं नाही, पण डीईएचपी आणि डायब्युटाइल थॅलेटनं दिसलं.

मुलाच्या अंगात नेमकं बिघडते काय?

हे नीट वाचा, घाई करू नका.

पोटातलं बाळ सुरुवातीला मुलगा-मुलगी दोन्ही बाजूला जाऊ शकेल असं असतं. वाय क्रोमोसोम असेल तर साधारण सातव्या आठवड्यापासून वृषण, म्हणजे ज्याला आपण गोटी म्हणतो, ती बनायला लागते आणि तीही पोटात वर, किडनीच्या जवळ. तिच्यातल्या लेडिग पेशी टेस्टोस्टेरॉन तयार करतात. हे हार्मोन म्हणजे निरोप आहे, की बाबा आता लिंग असं बनव, लघवीची वाट टोकापर्यंत बंद करत ने, पिशवी तयार कर. त्याच पेशी आणखी एक हार्मोन सोडतात, इन्सएल-थ्री, ते गोटीला धरून ठेवणारा दोर जाड करतं आणि गोटी खाली जांघेकडं येते. शेवटचा टप्पा, पिशवीत उतरणं, सातव्या महिन्याच्या पुढंमागं होतो आणि तो परत टेस्टोस्टेरॉनवर.

थॅलेट इथं काय करतं, तर पुरुष हार्मोनच्या जागी बसून अडवत नाही, तर ते बनायलाच कमी लावतं. टेस्टोस्टेरॉन कोलेस्टेरॉलपासून बनतं, कोलेस्टेरॉल पेशीच्या आत नेणारी आणि त्याचं रूपांतर करणारी जी यंत्रणा आहे तिचे जीन्स मंदावतात. निरोप गेलाच नाही किंवा अर्धा गेला तर काम अर्धं राहतं. गाभण उंदरीला डीईएचपी दिलं तर नर पिलांमध्ये गोटी न उतरणं, लघवीचं छिद्र टोकाला न राहता खालच्या बाजूला असणं, शुक्राणू साठवणारी नळी अर्धवट बनणं, असं सगळं एकत्र दिसतं, त्याला थॅलेट सिंड्रोम असं नावच पडलं आहे.

आणि वेगवेगळे थॅलेट थोडेथोडे एकत्र आले तर त्यांचा परिणाम बेरजेत जातो. एकेकट्याचं प्रमाण कमी आहे म्हणून निवांत राहता येत नाही.

कोणत्या महिन्यात जास्त जपावं?

साधारण ८ ते १४ आठवडे. म्हणजे दुसरा संपता संपता ते चौथ्याच्या सुरुवातीपर्यंत.

आता आपल्याकडची रीत आठवा. तीन महिने कोणाला सांगायचं नाही, नजर लागते. मी रीतीला नावं ठेवत नाही, माझ्या आईनंही तेच केलं. पण होतं काय की ज्या दिवसांत सगळ्यात जास्त जपायचं तेच दिवस सून चूपचाप निंदायला जाते, दुपारी बांधावर बसून पन्नीला गाठ मारून आणलेला उकळता चहा पिते, ओकाऱ्या येतात म्हणून टपरीवरचं काहीतरी चमचमीत मागवते, आणि घरात कोणाला माहीतच नसतं म्हणून कोणी सांगतही नाही. तिलाच कधीकधी माहीत नसतं. पाळी चुकल्यावर आशाताईला लवकर सांगा, एवढं एक केलं तरी फरक पडतो. आणि ज्यांना मूल हवं आहे त्या घरांनी पाळी चुकायची वाट न बघता आधीपासूनच स्वयंपाकघर बदलावं, बदलाची जबाबदारी पोटात असणाऱ्या बाईवर टाकू नये, बाजारहाट करणाऱ्या माणसानं उचलावी.

हे तर उंदराचं झालं, माणसाचं काय?

प्रश्न बरोबर आहे.

अमेरिकेत शॅना स्वान यांच्या टीमनं २००५ मध्ये ८५ मुलग्यांचा अभ्यास छापला. आईच्या गरोदरपणातल्या लघवीत थॅलेटचे अवशेष मोजलेले होते, आणि मुलाच्या शीच्या जागेपासून पिशवीपर्यंतचं अंतर मोजलं. ऐकायला विचित्र वाटते पण हे अंतर टेस्टोस्टेरॉनचं माप आहे, मुलग्यांमध्ये ते मुलींच्या दुपटीच्या आसपास असतं आणि पोटातच ठरतं. ज्या आयांमध्ये अवशेष जास्त त्यांच्या मुलग्यांमध्ये अंतर कमी निघालं. मग २०१५ मध्ये सातशेहून जास्त नवजात बाळांवर हेच परत पाहिलं, पहिल्या तिमाहीतल्या डीईएचपीशी मुलग्यांमध्ये संबंध दिसला, मुलींमध्ये नाही.

दुसरी बाजूही सांगते. २०१२ मध्ये माणसाच्या गर्भातल्या वृषणाचा तुकडा उंदरात रोपण करून थॅलेट दिलं, तेव्हा टेस्टोस्टेरॉन उंदरांसारखं खाली आलं नाही, पण शुक्राणू ज्यांच्यापासून पुढं बनतात त्या बीजपेशी मात्र विस्कटलेल्या दिसल्या, एका पेशीत अनेक केंद्रकं. म्हणजे माणूस उंदरासारखा हुबेहूब नाही, पण सुरक्षितही नाही. माझं मत विचाराल तर, जे टाळायला स्टीलचा डबा पुरतो ते टाळायला पक्क्या पुराव्याची वाट मी बघणार नाही.

आमच्या बाळाची एक गोटी लागत नाही हाताला. काय करू?

माझ्या भाच्याचं हेच होतं म्हणून हे मनापासून लिहिते. बाळंतपणानंतर कोणीच पाहिलं नव्हतं. त्याला न्हाऊ घालताना आजीच्या लक्षात आलं, ऊन पाणी अंगावर पडलं, अंग सैल झालं, तरी उजव्या बाजूची पिशवी चपटी आणि रिकामीच. एका डॉक्टरांना दाखवलं तर म्हणाले पाच-सहा वर्षांचा झाला की बघू, आपोआप येते. आम्ही मान हलवून घरी आलो. तो सल्ला चुकीचा होता.

पूर्ण दिवस भरलेल्या मुलांमध्ये शंभरात तीनेक जणांची गोटी जन्मताना उतरलेली नसते, दिवसाआधी जन्मलेल्यांमध्ये बरंच जास्त. बहुतेकांची पहिल्या तीन-चार महिन्यांत स्वतःहून उतरते. सहा महिन्यांपर्यंत नाही उतरली तर पुढं उतरायची आशा फार कमी, तेव्हा लहान मुलांच्या सर्जनला दाखवायचं आणि ऑपरेशन दीड वर्षाच्या आत झालेलं बरं. कारण पिशवीत शरीरापेक्षा दोन-चार डिग्री थंड असतं, गोटी वर गरमीत राहिली की तिच्यातल्या बीजपेशी वर्षावर्षाला कमी होतात, आणि पुढं मोठेपणी गाठीचा, कॅन्सरचा धोकाही वाढतो. भाच्याचं शेवटी सव्वा वर्षाचा असताना झालं, दुसऱ्या दिवशी घरी, चार दिवसांत पळायला लागला.

घरी बघायचं तर असं बघा: खोली गरम, तुमचे हात गरम, बाळ शांत. थंड हात लावला की चांगली उतरलेली गोटीही वर पळते आणि उगाच भीती बसते. अंगणवाडीत तपासणीची गाडी येते त्या डॉक्टरांना स्वतःहून सांगा, नाहीतर कपडे काढून कोणी बघत नाही. ग्रामीण रुग्णालयातून चिठ्ठी घेऊन नागपूरच्या सरकारी मेडिकल कॉलेजला किंवा सेवाग्रामच्या दवाखान्यात जाता येते. लघवीची धार खाली जाते असं दिसलं तर सुंता करू नका, तीच कातडी पुढं ऑपरेशनला लागते.

आणि एक, अशा प्रत्येक मुलामागं प्लास्टिकच असते असं नाही. दिवसाआधी जन्म, कमी वजन, घराण्यात असणं, बरीच कारणं आहेत. एका मुलाकडं बोट दाखवून हे थॅलेटनं झालं असं कोणताच डॉक्टर सांगू शकत नाही. त्या आईला तर अजिबात बोलू नका.

बाळ काचेच्या पेटीत होतं, सगळ्या नळ्या प्लास्टिकच्या. आता?

अमेरिकेच्या एफडीएनं, म्हणजे तिथल्या औषधांवर देखरेख करणाऱ्या सरकारी संस्थेनं, २००२ मध्ये याच गोष्टीची सूचना काढली होती, की नवजात मुलगे, मुलगा पोटात असलेल्या बायका आणि वयात येणारी मुलं यांच्यासाठी शक्य तिथं डीईएचपी नसलेली नळी-पिशवी वापरा. पण त्यातच हेही सांगितलं की लागणारा उपचार थांबवू नका. मीही तेच सांगते. बाळ वाचलं, ते मोठं आहे. पुढच्या वेळी डॉक्टरांना विचारा, डीईएचपी-फ्री मिळते का.

खेळणी?

नरम, पिळता येणारी, पी-पी वाजणारी बदकं आणि बाहुल्या बाळ दिवसभर चोखतं, म्हणून युरोपनं १९९९ पासून आणि अमेरिकेनं २००८ च्या कायद्यानं यावर बंधनं आणली, मर्यादा वजनाच्या ०.१ टक्का. आपल्याकडं १ जानेवारी २०२१ पासून १४ वर्षांखालच्या मुलांच्या खेळण्यांवर आयएसआय मार्क सक्तीचा आहे. आठवडी बाजारात चादरीवर ढीग लावलेल्या दहा-वीस रुपयांच्या खेळण्यांवर तो शोधून बघा, मला क्वचितच सापडला. दात येणाऱ्या बाळाला गाजराचा मोठा तुकडा नाहीतर लाकडी चोखणं द्या, जवळ बसून.

बीपीए म्हणजे हेच का?

नाही. बीपीए म्हणजे बिस्फेनॉल-ए. ते पॉलिकार्बोनेट नावाच्या कडक पारदर्शक प्लास्टिकमध्ये आणि पत्र्याच्या सीलबंद डब्याच्या आतल्या लेपात असतं, तेही हार्मोनमध्ये ढवळाढवळ करतं, पण वेगळ्या रस्त्यानं. वरचं दूध पाजायचंच असेल तर बाटलीपेक्षा स्टीलची वाटी-चमचा सगळ्यात बरं.

मोठ्या माणसाचं काय? माझं तर लग्न ठरलं आहे.

पोटातलं बिघडलं तर ते कायमचं राहू शकते, मोठेपणीचं तसं नाही. नवीन शुक्राणू तयार व्हायला साधारण ७४ दिवस लागतात, त्यामुळं आज सुधारलं तर अडीच-तीन महिन्यांनी फरक दिसू शकतो. थॅलेट जास्त असलेल्या पुरुषांमध्ये शुक्राणूंची संख्या-हालचाल कमी दिसल्याचे अभ्यास आहेत, सगळे एकसारखे नाहीत. जगभरातली मापं एकत्र केली तर १९७३ ते २०१८ मध्ये शुक्राणूंचं प्रमाण निम्म्यावर आलं असं २०२२ मध्ये छापून आलं, पण त्याचं कारण एकटं प्लास्टिक असं त्यात सिद्ध केलेलं नाही. लठ्ठपणा, बिडी, तंबाखू-सुपारीचा खर्रा, दारू, गरमी, सगळं त्यात येते. खर्रा तर आधी सोडा, तो घोटतातही पन्नीतच.

आणि फवारणी?

हा प्रश्न विदर्भात विचारलाच पाहिजे. २०१७ मध्ये यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन वीसच्या वर माणसं गेली, ते आपण सगळ्यांनी पाहिलं. पण जीव वाचला तरी काही औषधं हार्मोनवर जातात. १९७७ मध्ये कॅलिफोर्नियात डीबीसीपी नावाचं जमिनीतल्या सूत्रकृमीचं औषध बनवणाऱ्या कारखान्यातल्या कामगारांच्या लक्षात आलं की आपल्यापैकी कोणालाच मूल होत नाही, तपासलं तर कित्येकांचे शुक्राणू शून्य. ते औषध नंतर बंद झालं. म्हणून हातमोजे, पूर्ण बाह्या, वाऱ्याच्या पाठीशी राहून मारणं, आणि भिजलेले कपडे घरच्या गरोदर बाईला धुवायला देऊ नका. औषधाची रिकामी कॅन पाण्याला, तेलाला, कशालाच वापरू नका, तीन वेळा धुतली तरी नाही.

पन्नी टाकून चूल पेटवली तर?

नको. पन्नीसोबत रेक्झिन, नळी असं पीव्हीसीही चुलीत जातं, आणि पीव्हीसी जळालं की डायऑक्सिन नावाचं विष निघतं.

तपासणी असते का? काढा, डिटॉक्स?

लघवीत अवशेष मोजता येतात पण ते संशोधनासाठी. आज मोजलं आणि चार दिवसांनी मोजलं तर आकडा वेगळा, कारण शरीर हे एक-दोन दिवसांत बाहेर काढतं. म्हणूनच कोणताही काढा, पावडर, पट्टी विकत घेऊ नका. बाहेरून येणं थांबलं की आतलं आपोआप जाते. पैसे वाचवा, त्यात दोन स्टीलचे डबे येतील.

घरात पहिलं काय बदलू?

चहा किटलीत किंवा थर्मासात न्या, वावरात जाताना स्टीलचा पेला सोबत. रस्सा पार्सल आणायचा तर घरून डबा न्या, आमच्या इथं हॉटेलवाला आता विचारतच नाही, हात पुढं करतो. गरम भाकर पन्नीत नको, धुतलेल्या सुती फडक्यात, मऊ पण राहते. लोणचं बरणीत. डाळ-तांदूळ डब्यात राहू द्या, कोरडं आहे, त्याची काळजी करू नका. फरशी ओल्या कापडानं पुसा, धूळ उडवू नका.

लग्नाला चार वर्षं झाली, मूल नाही, घरचे सुनेलाच दवाखान्यात नेतात.

मूल न होणाऱ्या जोडप्यांपैकी जवळपास निम्म्यांमध्ये पुरुषाच्या बाजूनंही काहीतरी असतं. आणि वर वाचलंच तुम्ही, त्यातलं काही तर त्याच्या आईच्या पोटात असताना, चाळीस वर्षांपूर्वी, कोणाचीच चूक नसताना ठरलेलं असू शकते. यानं मर्दानगी कमी होत नाही. वीर्य तपासणी साधी आहे, सुई नाही, भूल नाही, २ ते ७ दिवस संबंध टाळून नमुना द्यायचा, रिपोर्ट खराब आला तर काही आठवड्यांनी परत एकदा द्यायचा, कारण एका ताप-सर्दीनंही आकडा पडतो. डॉक्टरांना लहानपणी गोटी उतरली होती का, ऑपरेशन झालं होतं का ते सांगा, आईला विचारून जा, तिला आठवत असतं. सुनेची सोनोग्राफी, नळ्यांची तपासणी व्हायच्या आधी पोराचा हा एक रिपोर्ट हातात घ्या, आणि दवाखान्यात दोघं मिळून जा.